लारापिंटा ट्रेल : वर डोंगरावर मुक्काम करायचा तर पाणी किती न्यायचं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

जुलैत ऑस्ट्रेलियाच्या मध्यातला लारापिंटा ट्रेल करायचं ठरतंय, अर्धा वगैरे नाही, ॲलिस स्प्रिंग्जपासून माउंट सोंडरपर्यंत अख्खा, २२३ किमी, १२ टप्पे. वाटेत पाण्याच्या टाक्या आहेत आणि दोन टाक्यांमधलं अंतर ३३ किमीच्या वर नाही असं वाचलंय, त्यामुळे तशी चिंता नव्हती, पण मला वाटेतल्या ब्रिंक्ली ब्लफ या डोंगराच्या माथ्यावर तंबू टाकायचाय, सूर्योदय तिथूनच बघायचाय (हट्ट म्हणा हवं तर), आणि वर पाण्याचा थेंब नाही. म्हणजे खाली स्टँडली कॅझम या घळीपाशी भरून घ्यायचं ते दुसऱ्या दिवशी बर्थडे वॉटरहोलच्या टाकीपर्यंत पुरवायचं. अंतर जेमतेम १८ किमी, पण चढ आहे, स्वयंपाक आहे. माझा हिशोब ६ लिटरचा, म्हणजे पाठीवर ६ किलो नुसतं पाणी!! जास्त होतंय का कमी?

दुसरं, मॅट. मागच्या महिन्यात सरावाला दोन रात्री बाहेर काढल्या तर पहाटे दोनला पाठीला गार दगड लागायला लागले, हवेची मॅट पार चपटी. परत फुगवली, अंधारात गाल लावून लावून शोधलं तेव्हा कुठे भोक सापडलं, सुईच्या टोकाएवढं, काटा अजून आतच. तिकडे तर म्हणे सगळीकडे स्पिनिफेक्स, गवत कसलं सुयाच त्या. फोमची मॅट घेऊ का? जाड होते हो फार.

जाणकारांनी प्लीज सांगा.

---

प्रतिसाद १ :

६ लिटर बरोबर आहे, कमी करू नका. फक्त गरम जेवण खालीच स्टँडली कॅझमला दुपारी उरका आणि वर रात्री न शिजवता खाण्यासारखं काहीतरी न्या, स्वयंपाकाचं पाणी वाचतं, भांडीही घासायला नकोत. निघताना तिथेच पोटभर पाणी प्या, ते पाठीवर घ्यावं लागत नाही. आणि नावात वॉटरहोल आहे म्हणून डबक्याच्या भरवशावर राहू नका, आटलेलं असू शकतं, टाकी तेवढी खरी. टाकीचं पाणीसुद्धा गाळून किंवा उकळूनच घ्या.

मॅट फोमचीच. सॅकच्या बाहेर बांधा, जाड झाली तर झाली.

एक विचारलं नाहीत ते सांगतो, जुलैत रात्री पारा शून्याखाली जाऊ शकतो आणि बारीक नळ्यांचा फिल्टर एकदा आतून गोठला की कामातून गेला, वरून बघून कळतही नाही. रात्री पिशवीत घालून स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा.

---

धागाकर्ता :

फिल्टरचं डोक्यातच नव्हतं, थँक्यू! आता बुटांचं सांगा ना, तिथल्या क्वार्टझाइटवर (कठीण, धारदार खडक) बुटांचे तळ फाटतात म्हणतात. नवे घेऊन आत्तापासून वापरू का जुनेच चालतील?