मदत हवी आहे: 1000 माणसांचं रिसेप्शन, हातात 90 हजार, कसं बसवू?

कोरडवाहू_7_एकर

नमस्कार मंडळी. लहान भावाचं लग्न मे महिन्यात आहे, लग्न मुलीकडे आर्णीकडच्या गावात आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या घरी रिसेप्शन. गाव वाशीम जिल्ह्यात, मंगरूळपीर-कारंजा रस्त्यापासून 6 किलोमीटर आत. हॉल वगैरे काही नाही, शाळेचं पटांगण आहे.

तर झालं असं की आम्ही घरात 400 माणसांचा हिशोब करून राहिलो होतो आणि बाबांनी कोणाला न विचारता पारावर सांगून टाकलं की पूर्ण गावाला चूलबंद आवतन, म्हणजे त्या दिवशी कोणाच्या घरी चूल नाही, घरच्या सगळ्यांनी आमच्याकडेच जेवायचं. आता 170 घरं, एका घरचे चार धरले तरी 680, वरून पाव्हणे 300, म्हणजे यादी हजाराला टेकली. बाबांचं म्हणणं एकच, "आपण साऱ्याइच्या घरी जेवलो, आता आपली पाळी." यावर काय बोलणार.

कारंज्याच्या एका केटररला विचारलं तर तो 190 रुपये ताट म्हणे, त्यात पनीर, अजून दोन भाज्या, तंदूर रोटी, पुलाव, चाटचं काउंटर, आईसक्रीम. म्हणजे 1 लाख 90 हजार. आमच्या हातात जेवणासाठी 90 आहेत आणि कर्ज काढायचं नाही हे पक्कं, ताईच्या लग्नाचं फेडता फेडता चार वर्षं गेली.

घरचं काय आहे ते सांगतो: तूर 3 क्विंटल ठेवली आहे, गहू आहे, हरभरा आहे. दूधदुभतं नाही. चुलत भाऊ, मित्र मिळून 25-30 पोट्टे वाढायला मिळतील.

भीती एकच. सहा वर्षांआधी आमच्याच भावकीत एका लग्नात शेवटच्या दोन पंगतींना भाजी पुरली नाही, मग आचाऱ्यानं गंजात (मोठ्या पातेल्यात) दोन बादल्या गरम पाणी अन् मूठभर तिखट टाकलं, आणि त्या घराला अजूनही "पाणीवाले" म्हणतात. गंमत नाही, खरंच म्हणतात. आमच्यावर ती वेळ नको.

मेनू काय ठेवू, पंगत की बुफे, सामान किती आणू, कोणी केलं असेल तर सांगा.

नागपुरी_तर्री

भाऊ पनीर तर लागतेच ना आजकाल, पोट्टे पाहतात पहिले पनीर आहे की नाही. अर्ध्या लोकांना पनीर अन् अर्ध्यांना साधं असं नाही करता येत का?

बिछायतवाला

वरच्या भाऊंचं ऐकू नका, एका मांडवात दोन ताटं केली की लग्न राहते बाजूला अन् भांडण लागते.

मी 18 वर्षांपासून बिछायत केंद्र चालवतो, गंज-कढया-टोपले माझेच जातात सगळीकडे म्हणून कोणाकडे काय उरलं अन् काय खपलं ते परत आलेल्या भांड्यावरून समजते. सांगतो ते ऐका.

पहिली गोष्ट, रिसेप्शनला मुहूर्त लागत नाही. तुमचा दुसरा दिवस जर तिथीचा, म्हणजे लग्नाच्या मुहूर्ताचा असेल तर एक दिवस पुढं ढकला. मे महिन्यात मोठ्या तिथीला आचारी दीडपट घेतो आणि मदतनीस नवशिके पाठवतो, कारण त्याचे चांगले माणसं चार ठिकाणी वाटलेले असतात. बिनतिथीच्या दिवशी तोच आचारी स्वतः उभा राहते. आम्ही पण भाड्यात कमी करतो, खोटं कायले बोलू.

दुसरी, केटरर नको, आचारी मजुरीवर लावा. सामान तुमचं, हात त्याचे. एक मुख्य आणि चार मदतनीस, 13-14 हजारात होऊन जाते आमच्याकडे.

तिसरी, पाच पदार्थ. पुरी, आलू-वांग्याची रस्सेदार भाजी, वरण-भात, बुंदी, मठ्ठा. बस. मेहकर तालुक्यात हिवरा आश्रमला विवेकानंद जयंतीच्या उत्सवात लाखाच्या वर माणूस खाली बसून पुरी अन् वांग्याची भाजी जेवते, पंगतीतून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या फिरतात वाढायला. तिथं कोणी पनीर मागते का?

कोरडवाहू_7_एकर

भाऊ तिथीचं डोक्यातच नव्हतं आलं. पाहिलं आत्ता कॅलेंडर, दुसऱ्या दिवशी तिथी आहेच, तिसऱ्या दिवशी नाही. बाबांशी बोलतो. पण 100 माणसाला काय किती लागते ते कोणी सांगाल का, आचारी नेहमी जास्तच यादी देतो असं ऐकलं.

अकोल्याची_सून

दादा, आमच्याकडे दरवर्षी भंडारा असतो, यादी मीच करते म्हणून सांगते. हे 100 माणसाचं, मोठे-लहान मिळून, पंगतीत:

पुरीची कणीक 10 किलो, तांदूळ 9 किलो, तूरडाळ साडेतीन किलो (आपलं वरण जरा पातळच असते), वांगे 9 आणि आलू 4 किलो, बुंदीला बेसन सव्वादोन किलो अन् साखर त्याच्या दुप्पट, मठ्ठ्याला दही 5 किलो. तेल सगळं धरून 5 किलो, म्हणजे पुऱ्यांचं पण आलं त्यात. याला तुमच्या आकड्यानं गुणा.

आणि गुणायचं कितीनं? हजारानं नाही. चूलबंद आवतन असलं तरी प्रत्येक घरचं कोणी शेतात, कोणी बाहेरगावी, कोणी उपवासाचं. 900 चं सामान आणा. त्यातलं 600 चं शिजवा आणि 300 चं कच्चं पण तयार ठेवा, म्हणजे डाळ धुतलेली, वांगे मिठाच्या पाण्यात चिरलेले, मसाला भाजून वाटलेला, कणीक मात्र भिजवायची नाही. तिसरी पंगत बसली की गर्दी पाहून दुसरा घाणा टाकायचा. कच्चं उरलं तर दुकानदार साखर-तांदूळ परत घेते, शिजलेलं कोण घेणार. तुमच्या भावकीत ज्यांची भाजी संपली ना, त्यांच्याकडे बहुतेक सगळं एकाच वेळी शिजवून टाकलं असेल अन् मग चूल विझलेली असेल. विझलेली भट्टी परत पेटवून गंज उकळेपर्यंत तास जातो, तेवढा वेळ पंगत थांबत नाही, मग पाणीच पडते.

डाळ विकत घेऊ नका, घरची 50 किलो तूर डाळमिलवर द्या, 35 किलोच्या जवळपास डाळ येते. हरभऱ्याचं बेसन पण दळून आणा. गहू आहेच.

सातवा_वेतन

घरचं घरचं म्हणून फुकट धरून राहिले सगळे. 50 किलो तूर बाजारात विकली असती तर पैसे आलेच असते ना? हिशोबात बाजारभाव लावा, मग समजेल 90 हजारात बसते की नाही.

कोरडवाहू_7_एकर

मान्य आहे, पण ते पैसे खिशातून आज जात नाहीत आणि आम्हाला अडचण आजच्या नगदीची आहे. बाकी तुमचं बरोबर, वहीत लिहीन.

पिंपरी_चिंचवडकर

मी मूळचा दारव्ह्याचा. पॅकेट सिस्टिम करा ना, पुलाव-बुंदीचे बॉक्स, गेटवरच द्यायचे, वाढायचं टेन्शन नाही, भांडी नाही. इकडे सर्रास चालतं.

बिछायतवाला

भाऊ दारव्ह्याला सांगून पाहा एकदा घरी, चूलबंद आवतन अन् हातात डब्बा.

वऱ्हाडी_म्हातारा

पोट्टेहो, म्या साठ-सत्तर लगनं पाह्यली या हातानं वाढून. पंगत करा, बुफे नोका करू. बुफेत माणूस ताट भरून घेते अन् अर्धं टाकते, वाढप्याच्या हातात वगराळं (मोठा डाव) असलं म्हंजे माप राह्यते. वाढपी मात्र ठरवून लावजा: एका गंजाले एकच माणूस, त्यानं जागा सोडू नाई. बुंदीवर घरचा, समजदार माणूस बसवा, पोट्टे नाई. पोट्टे दोस्तायले वाटीनं देतात अन् आखरीले बायायची पंगत बसते तवा परात खाली. बायाची पंगत दुसरीच घ्या, आखरी नोका ठिऊ, त्याच राबतात अन् त्याच उपाशी राह्यतात.

अन् भात. भात शिजला का गंजातच नोका ठिऊ, खालचा लगदा होते. आम्ही काय करो, टोपल्यावर धुतलेलं पांढरं धोतर हातरायचं, त्याच्यावर भात उलटायचा, वरून दुसरं धोतर. पाणी खालून निथरते, शित न् शित मोकळं राह्यते, अन् दीड दोन तास गरम.

कर्ज काढू नाई राह्यले हे लय चांगलं करून राह्यले. गाडगेबाबा आपल्याच अमरावती जिल्ह्यातले, कर्ज काढून लगनं करू नोका म्हनून जिंदगीभर सांगत फिरले, आपन फोटो लावतो अन् सोसायटीत कर्जाले जातो.

अकोल्याची_सून

आजोबांचं बायकांच्या पंगतीचं सोन्यासारखं बोलणं आहे.

एक राहिलंच, मे महिना आहे, 44 डिग्री. दूध-खव्याचं काही नको, बासुंदी, रसमलाई तर अजिबात नाही. मठ्ठ्याचं दही सकाळी आणून सावलीत ठेवलं तरी संध्याकाळपर्यंत आंबट होते, संध्याकाळी 5 नंतर आणा आणि घुसळताना बर्फ पाण्यात टाकू नका, बाहेरच्या लाद्यांचा बर्फ पिण्याचा नसतो, तो बाहेरून ड्रमभोवती लावा. पाण्याच्या थंड कॅन 20 लिटरच्या धरा, 20 माणसाला एक, उन्हाळ्यात त्याच्याखाली जाऊ नका. भाजी आणि वरण शेवटपर्यंत निखाऱ्यावर वाफाळतं राहिलं पाहिजे, कोमट झालं की तिथंच बिघाड सुरू होतो. बुंदी मात्र आदल्या दिवशी पाडली तरी चालते, उलट पाक मुरतो.

थर्माकोलच्या प्लेटा नका घेऊ, 2018 पासून बंदी आहे महाराष्ट्रात. पळसाच्या पत्रावळी मिळाल्या तर पाहा, नाहीतर कागदी.

नागपुरी_तर्री

बरं पनीर नाही तर नाही, पण वांग्याच्या भाजीत येसर (भाजलेल्या धान्य-डाळीचं मसाल्याचं पीठ) टाका भाऊ, अन् वरून सांभार (कोथिंबीर) भरपूर. तर्री आली पाहिजे वर.

बिछायतवाला

येसरचं बरोबर बोलला हा. रस्सा दाट होते आणि चवही वाढते, पाणी घातलं तरी उघडं पडत नाही.

गॅसचं सांगतो, घरचे लाल सिलेंडर जमा करून लावायचे नाहीत, नियमातही बसत नाही आणि मोठ्या शेगडीला पुरतही नाहीत. 19 किलोचे निळे 2 घ्या फक्त पुऱ्या अन् बुंदीसाठी, तिथं आच कमी-जास्त करावी लागते. बाकी वरण, भात, भाजी लाकडाच्या भट्टीवर. तीन भट्ट्या खोदा, वाऱ्याची दिशा पाहून, धूर पंगतीवर गेला की म्हातारे उठून जातात.

मोटामोटी हिशोब केला मी तुमचा, घरचा माल सोडून: किराणा-तेल-भाजी-दही 25 हजार, आचारी 14, भांडी-बिछायत-लाईट 11, सिलेंडर-लाकूड 6, पत्रावळ-द्रोण-पाणी 8. झाले 64. उरलेल्यातले 15 हजार एका माणसाच्या खिशात ठेवा, तो माणूस नवरदेवाचा बाप नको.

कोरडवाहू_7_एकर

😀 तो माणूस मीच. सगळ्यांचे आभार, बाबा तिसऱ्या दिवसाला तयार झाले, फक्त बुंदीऐवजी जिलेबी म्हणून अडून बसले होते, मग आचाऱ्यानंच सांगितलं की जिलेबी गरम खपते अन् एका कढईवर हजार माणसाची निघत नाही. आल्यावर सांगतो काय झालं ते.

कोरडवाहू_7_एकर

उशिरा लिहून राहिलो, झोपच पुरली नव्हती. तर, झालं एकदाचं.

पत्रावळीच्या 100 च्या 10 गड्ड्या आणल्या होत्या, एक पूर्ण गड्डी आणि वर 37 उरल्या. म्हणजे 863 माणूस जेवलं. खर्च 68,400, घरचा माल सोडून. (सातवा_वेतन साहेब, घरच्या मालाचा बाजारभाव वहीत लिहिला आहे, इथं नाही सांगत.)

पहिली पंगत साडेसहाला बसली, दुसरी बायकांची घेतली, त्यावर गावात जरा कुजबुज झाली की माणसं उभी अन् बाया बसल्या, पण आई पहिल्यांदा कोणत्याही लग्नात गरम पुरी जेवली असं ती स्वतः म्हणाली. सव्वाआठला दुसरा घाणा टाकला. तेव्हा पहिल्या गंजात भाजी कमरेएवढी होती तरी आचारी म्हणे टाका, आणि नऊ वाजता तांड्यावरचे लोक दोन ट्रॅक्टर भरून आले. घाणा टाकला नसता तर आम्ही पण पाणीवाले झालो असतो.

चुकलं ते सांगतो. मठ्ठा तिसऱ्या पंगतीतच संपला, 100 माणसाला 5 किलो दही उन्हाळ्यात कमी पडते, 7 धरा. भाताला धोतर हातरलं पण एक नवं कोरं होतं, न धुतलेलं, त्या टोपल्यातल्या भाताला खळीचा वास आला, तो भात बाजूला काढावा लागला. पुऱ्या दोन टोपले उरल्या, सकाळी भावकीत वाटल्या चहासोबत.

बुंदीवर मामांना बसवलं होतं. मामा इतके कडक की पाव्हण्यांनी दुसऱ्यांदा मागितली तर "सगळ्याइले होऊ द्या" म्हणत, मग 9 किलो बुंदी उरली, तीही वाटली.

परत करताना भांडी मोजली तर दोन बादल्या आणि एक सराटा (मोठं उलथनं) कमी. बिछायतवाल्यानं 450 कापले. एक बादली परवा शाळेच्या मागे सापडली, दुसरी अजून शोधून राहिलो.