थंडीत शेळ्यांचा गोठा किती बंद करावा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. माझ्याकडे सहा शेळ्या आहेत, त्यातल्या दोन गाभण. शेळीचा गाभणकाळ साधारण १५० दिवसांचा, त्या हिशेबाने दोघीही ऐन थंडीत वितील. म्हणून आत्ताच विचारतोय.

गेल्या हिवाळ्यात गार वारा लागू नये म्हणून मी गोठ्याला चारही बाजूंनी ताडपत्री गच्च बांधली होती. पहाटे आत गेलं की मुताच्या वासाने डोळे चुरचुरायचे, ताडपत्रीच्या आतून पाणी ओघळायचं. शेळ्या खोकायला लागल्या आणि एक करडू न्यूमोनियाने गेलं. डॉक्टर म्हणाले, नुसत्या गारठ्यापेक्षा कोंडलेली ओल आणि अमोनिया फुप्फुसांना जास्त बाधतो. ते करडू अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

यंदा खाली शेळीच्या उंचीपर्यंत आडोसा आणि वर छपराखाली हातभर मोकळी जागा ठेवायचं ठरवलंय. हवा खेळती हवी, पण वारा अंगावर नको. एवढं पुरेल का? की वाऱ्याकडची बाजू पूर्णच बंद करू?

रात्री सुका चारा वाढवणार आहे, तो पोटात आंबताना ऊब तयार होते. पण अंथरुणाचं कळत नाही. पेंढा रोज सगळा काढायचा, की ओला तेवढा उचलून वर कोरडा पसरायचा?

आणि नवजात करडांसाठी बल्ब लावावा का? पेंढ्याजवळ तापलेला दिवा टांगायची मला फार भीती वाटते. ज्यांनी लावलाय त्यांनी तो कसा आणि किती उंचीवर बांधला, ते नक्की सांगा.