आमची घोडबर्डी अन् चीनमधलं मावांगदुई: आबाजीच्या गोष्टीत दम किती?

संत्रावाला_काटोल
राम राम मंडळी. प्रश्न लांब आहे, चहा घेऊन बसा.

आमच्या वावरात धुऱ्याला लागून एक टेकाड आहे, दोन पुरुष उंच असंल. गाव त्याले घोडबर्डी म्हणते. आबाजी सांगत, तिथं गवळी राजा घोड्यासकट पुरला आहे अन् घोड्याच्या अंगावर सोन्याचा साज आहे. अमावास्येला तिथं धन जळते. जागलीला असताना त्यांनी निळी जोत दोनदा पाहिली म्हणे. बाबा म्हणतात, यंदा कपाशी उलंगली की जेसीबी लावू, पाऊण एकर वावर सलग होते. आई म्हणते, हात लावाल तर याद राखा. मी मधात.

अशातच मावांगदुईबद्दल वाचलं. हूनान प्रांतात, चांगशा शहराच्या कडेला. शेजारी शेजारी दोन टेकाडं, मधात खोलगट, लांबून पाहाल तर घोड्याचं खोगीर. नावाचा अर्थ 'मा राजाचं टेकाड'. दहाव्या शतकातला मा यिन राजा तिथं पुरला, असं लोक धरून चालले. गंमत अशी की 'मा' म्हणजे चिनीत घोडा! काही म्हणतात नाव मुळात खोगीर-टेकाड असंच होतं, राजा मागून चिकटला. जुन्या पोथीत तिसरंच आहे: चांगशाच्या, हान घराण्यातल्या राजानं आपल्या आईला तिथं ठेवलं. अन् १९७२ मध्ये उघडलं तर ना मा राजा, ना कोणाची राजमाता. निघाली शिन झुई, दाई नावाच्या जहागिरीच्या सरदाराची बायको. मा यिनच्याही हजार वर्षं आधीची, पन्नाशीची बाई. कातडी मऊ, सांधे वाकत होते, पोटात खरबुजाच्या १३८ बिया.

आता सांगा, एवढं पक्कं समजलेलं नाव चुकलं, तर आमच्या आबाजीचं काय घेऊन बसलात? बर्डीत काही असंल का?

तर्री_जास्त
असंल तर अर्धं माझं. आबाजी जागलीला काय घेऊन बसत ते पहिले विचार.

खापरवेचा
तर्रीभाऊ, जोतीवर हसू नका. १९७१ च्या अखेरीस मावांगदुईला लष्करी दवाखान्यासाठी भुयार खणत होते. जमिनीला भोक पाडलं तर आतून वायू सुटला, कोणी काडी लावली अन् निळी ज्योत पेटली. थडगं इतकं बंद होतं की आतलं कुजणं आतच राहिलं. एकात एक चार शवपेट्या, भोवती लाकडी खोली, तिच्याभोवती पाचेक टन कोळसा, अन् त्यावर पांढऱ्या चिकण मातीचा जाड लेप. आपल्या कणगीला शेणमातीनं लिंपतात, तसा, पण हातभराहून जाड. शेजारच्या दुसऱ्या थडग्याचा लेप धड नव्हता, चोरही शिरले होते. तिथं मृतदेह टिकलाच नाही. पण तीन शिक्के सापडले अन् त्यांवरूनच बाईच्या नवऱ्याचं नाव, ली त्सांग, पक्कं झालं.

संत्रावालाभाऊ, तुमची बर्डी मुरमाची असणार, मुरूम वायू धरून ठेवत नाही. त्यामुळं आबाजीची जोत मला सोडवता येत नाही, ती तुमच्या घरचीच राहू द्या.

जेसीबीचं मात्र ऐका. त्या बाईच्या थडग्यात रोगण दिलेल्या एका लाकडी भांड्यात पाणी होतं, अन् त्यात कमळकाकडीच्या चकत्या तरंगत होत्या. दोन हजार वर्षं टिकलेल्या! भांडं उचलून नेताना हेलकावे बसले अन् चकत्या विरघळून गेल्या. राहिला तो फोटो. हे हातानं उचलताना झालं.

आता घोडा. नागपूरजवळ माहुरझरीला १९७० च्या सुमारास पुरातत्त्ववाले डॉ. शां. भा. देव यांनी शिळावर्तुळं, म्हणजे भोवती गोलात धोंडे मांडलेली थडगी, खणली. लोहयुगातली, इ.स.पू. पहिल्या सहस्रकातली. त्यांत घोडे निघाले, तोंडावर तांब्याचा साज असलेले. गवळी राजाचं नाव मागून लागलं असंल, पण घोडा मला सुखानं झोपू देणार नाही. एक सांगा, बर्डीच्या पायथ्याला गोलात मांडलेले धोंडे आहेत का?

संत्रावाला_काटोल
अंगावर काटा आला राजेहो. आहेत. काळे, ढोपराएवढे, गोलात. तीन बाबांनी मागं उपटून विहिरीवर आणले. एकावर वाटीएवढे खळगे आहेत, ओळीनं. आई त्यात चिमण्यांसाठी पाणी टाकते.

खापरवेचा
तसे खळगे नागपूरजवळच्या जुनापाणीच्या शिळावर्तुळातल्या धोंड्यांवरही आहेत. फोटो काढा, बाजूला पट्टी ठेवून. राहिलेल्या धोंड्यांना हात लावू नका.

जुना_तलाठी
पोरा, पहिले सातबारा पाहा. बर्डी पोटखराबात लागली असंल तर तुझ्या बाबांनी तिच्यावर कधी पीक दाखवलंच नाही, मग पाऊण एकर गेलं कुठं? दुसरं, १८७८ चा निखात निधीचा, म्हणजे पुरलेल्या धनाचा, कायदा अजून आहे. जमिनीतून दहा रुपयांच्या वरचं काही निघालं तर जिल्हाधिकाऱ्याला कळवावं लागते. दहाच! आजकाल त्यात कटिंग चहा येते. लपवलं तर भानगड. नागपूरच्या पुरातत्त्ववाल्यांना साधा अर्ज कर, फोटो जोड, पोच घे. पोच विसरू नको.

तर्री_जास्त
माझं अर्धं मी मागं घेतो.

संत्रावाला_काटोल
सातबारा काढला. पोटखराब तीस आर, बर्डीच ती. बाबांना माहुरझरीचं वाचून दाखवलं. लय वेळ काही बोलले नाही, तंबाखू मळत बसले. मग म्हणे, "म्हणजे सोन्याचा नाही, तांब्याचा?" मी म्हटलं, असंल तर तांब्याचा. "मंग बुढा एवढा चुकला नव्हता," म्हणे, अन् जेसीबीवाल्याला फोन करून यंदा नको म्हणून सांगितलं.

अर्ज टाकला, पोच घेतली. आता एकच लोचा उरला. ते तीन धोंडे कोणी पाहायला येईतो जपून ठेवायचे म्हटलं तर दोन आईनं दिले. तिसरा, खळग्यांचा, ती द्यायला तयार नाही. म्हणते, साहेबांना म्हणा इथंच येऊन पाहा, उन्हाळ्यात चिमण्या पाण्याला कुठं जातील?