मदत हवी आहे: लहान मुलांच्या एपिलेप्सीसाठी एमईजी (मेंदूचं चुंबकीय क्षेत्र बाहेरून टिपणारी) तपासणी

नमस्कार. आम्ही पुण्यात, सिंहगड रस्त्याला राहतो. माझ्या सात वर्षांच्या मुलीला झोपेत फिट येते. डावा हात ताठ होतो, तोंड ओढलं जातं आणि अर्ध्या मिनिटात सगळं थांबतं. काही रात्री पुन्हा पुन्हा. लेव्हेटिरासिटॅम झालं, ऑक्सकार्बाझेपाइनही पूर्ण डोसपर्यंत नेऊन झालं. दोन योग्य औषधांनी फिट थांबल्या नाहीत, तर २०१० च्या आंतरराष्ट्रीय व्याख्येप्रमाणे ती औषधांना दाद न देणारी एपिलेप्सी. त्यामुळे डॉक्टर आता ऑपरेशनचं बोलत आहेत.

अडलंय ते फिट नेमकी कुठून सुरू होते यावर. व्हिडिओ ईईजीत (डोक्याला तारा लावून मेंदूचे विद्युत सिग्नल नोंदवतात, सोबत चित्रीकरण) उजवा फ्रंटल, म्हणजे कपाळामागचा भाग दिसतो, पण मोघम. ३ टेस्ला एमआरआय नॉर्मल आहे. पेट स्कॅनमध्ये (मेंदू साखर किती वापरतो ते दिसतं) उजवीकडचा बराच मोठा भाग मंद दिसतो. स्पेक्ट स्कॅनसाठी (फिटच्या वेळचा मेंदूतला रक्तप्रवाह दिसतो) फिट सुरू होताच काही सेकंदांत इंजेक्शन जावं लागतं, आणि हिची फिट तोवर संपत आलेली असते. पुढची पायरी एसईईजी, म्हणजे कवटीला बारीक छिद्रं पाडून आत इलेक्ट्रोड घालणं. लागलंच तर करू. पण ते कुठे घालायचे हे आधी जितकं नक्की होईल तितकं पोरीच्या डोक्याला कमी टोचावं लागेल, म्हणून एमईजी आधी करून घ्यायची आहे.

यात इंजेक्शन नाही, किरणं नाहीत. मेंदूतल्या विद्युतप्रवाहाचं अतिसूक्ष्म चुंबकीय क्षेत्र बाहेरूनच टिपतात. ईईजीचा सिग्नल कवटीतून येताना पसरतो, तसं याचं फारसं होत नाही. बंगळुरूला निम्हान्स या मेंदूविकारांच्या सरकारी संस्थेत आणि मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात ही सोय आहे.

ज्यांनी मुलांची एमईजी केली आहे त्यांनी कृपया सांगा. सेन्सर द्रवरूप हेलियममध्ये उणे २६९ अंशांवर असल्याने ते ज्यात बसवलेत त्या हेल्मेटचं माप ठरलेलं, मोठ्या माणसाचं. लहान डोकं त्यात नीट बसतं का? मूल हललं तर काय करतात? तिच्या दाढेला स्टीलची कॅप आहे, ती चालेल का? आणि पुण्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी पुरते, की आधी तिथल्या ओपीडीत दाखवावं लागतं?

घरगुती उपाय आणि पत्रिका कृपया सुचवू नका.

प्रतिसाद: मुळाकाठ

ताई, कॅपचं तारीख घेतानाच सांगा. श्वास घेताना, गिळताना ती किंचित हलली तरी सिग्नलमध्ये गोंधळ करते. बराचसा नंतर सॉफ्टवेअरने काढता येतो, पण कॅप ठेवायची की काढायची ते त्यांनाच ठरवू द्या.

माझ्या भाच्याला एमईजीच्या आदल्या रात्री उशिरापर्यंत जागवलं होतं, त्यामुळे तो आत आपसूक झोपला. डोक्याभोवती उशा लावल्या होत्या. तुमच्या लेकीचे स्पाइक (फिट नसतानाही मेंदूत उमटणारे क्षणिक विद्युत झटके) झोपेत जास्त येत असतील तर हे फार उपयोगी पडेल. फिट यायलाच हवी असं नाही, मधले स्पाइकही चालतात. मात्र तेवढ्या वेळात स्पाइक आलेच नाहीत तर हाती काही लागत नाही, ही तयारी ठेवा.

रिपोर्ट आल्यावर एमईजीने दाखवलेली जागा समोर ठेवून जुना एमआरआय पुन्हा वाचून घ्या. नॉर्मल म्हटलेल्या एमआरआयमध्येही कधी कधी बारीक कॉर्टिकल डिसप्लेजिया (मेंदूच्या बाहेरच्या थराच्या रचनेतला जन्मजात दोष) असा सापडतो. चिठ्ठीचं मला माहीत नाही, तिथे फोन करून विचारा. व्हिडिओ ईईजीची मूळ फाइल आणि एमआरआयची सीडी सोबत न्या, नुसते छापील रिपोर्ट नकोत.