गाटा२ पाडला, एफसीईआर१ए चा आरएनए उतरला, पण पेशीवरचा आयजीई रिसेप्टर तसाच! का?

सूरसागर_बडोदा:
लॅड२ मास्ट पेशींत (ॲलर्जीत भाग घेणाऱ्या माणसाच्या पेशी, प्रयोगशाळेत वाढवलेल्या) इलेक्ट्रोपोरेशनने (विजेच्या झटक्याने) गाटा२ (इतर जनुकं चालवणारं प्रथिन) चा एसआयआरएनए (त्याचं बनणं दाबणारा छोटा आरएनए) दिला. ४८ तासांनी क्यूपीसीआरमध्ये (आरएनए मोजणी) गाटा२ आणि एफसीईआर१ए (आयजीई रिसेप्टरच्या अल्फा साखळीचं जनुक) दोन्ही बरेच खाली. फ्लो सायटोमेट्रीत (पेशीपृष्ठावरची मोजणी) मात्र अल्फा साखळी कंट्रोलइतकीच दिसते. बायोटिनवाला आयजीई (ॲलर्जीची अँटिबॉडी; १०० नॅनोग्रॅम प्रति मिली) त्याच दिवशी घातला होता. मग गाटा२ चा हात इथे खरंच किती?

मांडवी_दरवाजा:
गाटा२ वर शंका घेण्याआधी आयजीई कधी घातला ते बघा. आयजीई बसला की रिसेप्टर पृष्ठभागावर टिकून राहतो, आत ओढला जाऊन मोडत नाही. म्हणजे नवा माल येणं थांबलं तरी जुना साठा तसाच. रिकामा रिसेप्टर साधारण दिवसभरात निम्मा होतो. ओमालिझुमॅब या आयजीईविरोधी औषधाने रक्तातला मोकळा आयजीई बांधून टाकला, तेव्हा रुग्णांच्या बेसोफिलवरचे (आयजीई रिसेप्टर असलेल्या रक्तपेशी) रिसेप्टर सुमारे २,२०,००० वरून ८,३०० पर्यंत आले (१९९७ चं काम). जनुकाला कुणी हातही लावला नव्हता!

तेव्हा आयजीई न घालता पेशी वाढवा, ७२ आणि ९६ तासांना मोजा. डीग्रॅन्युलेशन (पेशीने आतली रसायनं बाहेर टाकणं) बघायचं असेल तर आयजीई शेवटच्या रात्री घाला. आणि अँटिबॉडीचा क्लोन तपासा: सीआरए१ किंवा २२ई७ आयजीई बसलेला असला तरी चिकटतो. १५-१ आयजीईच्याच जागेवर भांडतो, त्यामुळे भरलेला रिसेप्टर त्याला दिसत नाही आणि आकडा खोटाच कमी येतो. अँटिबॉडीने पेशी रंगवणं बर्फावर करा, सोडियम अझाइड घालून.

राजवाडा_इंदूर:
वरचं बरोबर, पण बीटा साखळी विसरू नका. गाटा२ एफसीईआर१ए आणि एमएस४ए२ (बीटाचं जनुक) दोन्ही चालवतो, पीयू.१ आणि गाटा१ ही तशीच इतर प्रथिनं अल्फाचा प्रमोटर (जनुकाचा सुरुवातीचा स्विच) चालवतात. म्हणून गाटा२ गेला तरी अल्फा पार शून्यावर येईल असं धरू नका. शिवाय माणसात बीटाशिवायही अल्फा-गॅमा-गॅमा असा रिसेप्टर वर येतो (डेंड्रिटिक पेशींत तसाच असतो), फक्त पृष्ठभागावर कमी आणि सिग्नल मवाळ. एमएस४ए२ चा क्यूपीसीआर जरूर लावा.

सूरसागर_बडोदा:
गाटा२ प्रमोटरवर खरंच बसतो का, ते चिपने (प्रथिन डीएनएवर कुठे बसलंय ते शोधणारी चाचणी) बघावं का? पेशी फार थोड्या आहेत.

राजवाडा_इंदूर:
लॅड२ दुप्पट व्हायला दोनेक आठवडे घेतात, तेव्हा आधी साठवा. फिक्स करायला १ टक्का फॉर्माल्डिहाइड, १० मिनिटं. मग ते थांबवायला १२५ मिलिमोलर ग्लायसिन, ५ मिनिटं. जास्त वेळ फिक्स केलंत तर सोनिकेशनला (ध्वनिलहरींनी डीएनए तोडताना) तुकडे २००–५०० बेसपर्यंत येतच नाहीत आणि पार्श्वभूमी चढते. तुलनेसाठी इनपुट (अँटिबॉडी न लावलेला मूळ नमुना), साधा आयजीजी (कशालाच खास न चिकटणारी अँटिबॉडी) आणि गाटा न बसणारी एक जागा, तिन्ही हवेत.

मांडवी_दरवाजा:
एक भर: एससीएफ (या पेशींना जगवणारं वाढीचं प्रथिन) १०० नॅनोग्रॅम प्रति मिली असलाच पाहिजे. मे महिन्यात बडोद्यात पार्सल उन्हात पडून राहिलं असेल तर तो लॉट वापरू नका. एससीएफ कमजोर झाला तर कंट्रोल पेशीही मरू लागतात, आणि मग एसआयआरएनएचा परिणाम कोणता हे सांगताच येत नाही.