क्राइस्टचर्चला दोन लहान मुलांना घेऊन जातोय: आफ्टरशॉकची तयारी काय करावी? (जानेवारी 2012)

सायली_ऑकलंड:
मार्चमध्ये दहा दिवस बहिणीकडे न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चला जायचं आहे. फेब्रुवारी 2011 च्या मोठ्या भूकंपानंतर तिथे अजून आफ्टरशॉक, म्हणजे मागाहूनचे धक्के, बसतायत. मुलगी पाच वर्षांची, मुलगा चौदा महिन्यांचा. 23 डिसेंबरला पुन्हा दोन मोठे धक्के बसले, तेव्हापासून सासूबाई म्हणतायत, जाऊच नका. बहिणीचं घर लाकडी सांगाड्याचं, बैठं, भूकंपानंतरच्या पाहणीचा हिरवा स्टिकर लागलेलं आहे. रात्री धक्का बसला तर मुलांना उचलून बाहेर पळायचं का? बाळासाठी जास्तीचं काय न्यावं? आणि मोठीला आधी सांगावं का?

खडकवाट:
पळायचं नाही. आपल्या मनात भूकंप म्हटलं की किल्लारी येतं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचं मातीचं जड माळवद झोपलेल्या माणसांवर बसलं. म्हणून ‘आधी घर सोडा’ हे डोक्यात पक्कं झालंय. क्राइस्टचर्चचं लाकडी घर करकरतं, पिळवटतं, पण सहसा उभं राहतं. पडतं ते बाहेरच्या अंगाला: चिमणीच्या विटा, छपराची कौलं, दर्शनी विटांचा थर. म्हणजे नेमकं दारातून बाहेर पडणाऱ्याच्या डोक्यावर. 22 फेब्रुवारी 2011 ला शहराच्या मध्यभागी जुन्या विटांच्या इमारतींच्या दर्शनी भिंती फुटपाथवरच्या माणसांवर आणि बसवर कोसळल्या होत्या.

रात्री पलंगावर असाल तर तिथेच पालथं व्हायचं, डोक्यावर उशी. जोराच्या हादऱ्यात दोन पावलंही धड टाकता येत नाहीत. बाळाला घेऊन पडलात तर बाळ खाली आणि तुम्ही वर. म्हणून चौघं एकाच खोलीत झोपा आणि बाळाचा कॉट हाताच्या अंतरावर ठेवा. कॉटला चाकं असतील तर लॉक करा. डोक्याशी खिडकी, कपाट, फ्रेम किंवा चिमणीची भिंत नको. चिमणी छपरापर्यंत उतरवली आहे का, हे बहिणीला आजच विचारा. उंच कपाटं भिंतीतल्या लाकडी खांबाला कोनपट्टीने स्क्रू केलेली हवीत. भिंतीवरच्या नुसत्या जिप्सम बोर्डात मारलेला स्क्रू उपटून येतो.

दिवसा टेबलाखाली. बाळाला छातीशी धरून गुडघ्यांवर बसा, त्याच्यावर ओणवं व्हा, दुसऱ्या हाताने टेबलाचा पाय पकडा, कारण टेबल सरकतं. दाराच्या चौकटीत उभं राहू नका. ती काही जास्त मजबूत नसते आणि झुलणाऱ्या दारात बोटं चेंगरतात.

हिरव्या स्टिकरबद्दल: तो झटपट पाहणीनंतर लावलेला असतो. वापरायला मनाई नाही, एवढाच त्याचा अर्थ. 23 डिसेंबरनंतर नव्या भेगा पडल्यात का, दारं अडकायला लागलीत का, हे बघून घ्या.

कापडी_झोळी:
सगळ्यात आधी बूट. प्रत्येकाचे बूट आणि एक टॉर्च पिशवीत घालून ती पलंगाच्या पायाला बांधा. नुसते खाली ठेवले तर हादऱ्यात खोलीभर जातात आणि अंधारात तुम्ही अनवाणी काचांवर. मुलांना उचलण्याआधी स्वतःचे बूट घाला.

पाणी माणशी रोज 3 लिटर, तीन दिवसांचं. चौघांचं 36 लिटर होतं, बहिणीच्या घरच्यांचं वेगळं. मोठ्या धक्क्यानंतर जमिनीखालचे पाइप फुटतात आणि सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळू शकतं. फॉर्म्युला देत असाल तर बाटलीबंद पाणीही उकळून, गार करून वापरा. वीज जाते, म्हणून गॅसची छोटी शेगडी हवी, पण ती घराबाहेर पेटवायची आणि गॅसचा वास येत नाही याची खात्री करूनच. डायपर आठवड्याचे जादा, हात पुसायचे ओले रुमाल भरपूर.

आणखी एक. जमिनीतून करडा, मऊ गाळ उसळून येतो, अगदी खेळायच्या वाळूसारखा दिसतो. मुलं हमखास त्यात बसतात. त्यात सांडपाणी असू शकतं, वाळला की त्याची धूळ नाकातोंडात जाते. हात लावू देऊ नका.

अंगणवाडी:
मोठीला नक्की सांगा, पण निघायच्या आदल्या रात्री नको. आठवडाभर आधीपासून ‘कासव’ खेळा: तुम्ही ‘कासव!’ म्हणालात की तिने टेबलाखाली जाऊन पाठ वर, डोकं आत, हातांनी मान झाकायची. दिवसातून दोनदा, वेगवेगळ्या खोल्यांत. खरा धक्का बसला की तोच शब्द, त्याच आवाजात. किंचाळलात तर ती तुमच्याकडे धावत येईल आणि नेमकं तेच नको आहे.

‘आता पुन्हा होणार नाही’ असं वचन मात्र देऊ नका. तासाभरात पुन्हा हललं तर तुमच्या पुढच्या प्रत्येक शब्दावरचा तिचा विश्वास जातो. ‘जमीन हलली, आता थांबली, आपण सगळे इथे आहोत’, इतकंच पुरे. टीव्हीवरची पडझडीची दृश्यं बंद. परत आल्यावर काही आठवडे ती कदाचित अंथरूण ओलं करेल, एकटी झोपणार नाही, रागावू नका.

खडकवाट:
फिरण्याबद्दल राहिलं. क्राइस्टचर्चच्या समुद्रकाठच्या समनर उपनगराकडे जाताना रस्त्याकडेला रचलेले कंटेनर कड्यावरून येणारे दगड अडवायला आहेत. त्यांच्या सावलीत मुलांना खायला बसवू नका. समुद्रकिनारी उभं राहणं कठीण व्हावं इतका जोराचा किंवा बराच वेळ चालणारा धक्का बसला, तर त्सुनामीच्या भोंग्याची वाट न बघता उंचावर जायचं. गाडीत असाल तर पूल आणि विजेचे खांब टाळून कडेला थांबा. मुलांना कारसीटमधून काढू नका.

सायली_ऑकलंड:
मनापासून आभार. एक शंका: बाळ दुपारी दुसऱ्या खोलीत झोपलेलं असताना धक्का बसला तर?

खडकवाट:
हादरे थांबेपर्यंत तिकडे जायचं नाही. सगळ्यात अवघड हेच आहे. जवळचा, उथळ धक्का बहुधा काही सेकंदांत ओसरतो आणि तेवढ्यात तुम्ही बाळापर्यंत पोचणारही नाही. म्हणून दुपारचा कॉटही तुम्ही बसता त्याच खोलीत, रिकाम्या आतल्या भिंतीशी लावा आणि त्याच्यावर काहीही टांगू नका, हलकं झुंबरसुद्धा नाही.