एम.एस्सी. गणितानंतर नेटच्या मागे लागावे, की शिक्षक घडवण्याच्या कामाला? (बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्यांसाठी)

काटकोन (धागाकर्ता)

मुद्दा सरळ मांडतो, मग ठोका.

आपल्या भागातली गणितात एम.एस्सी. करणारी मुले कुणी भूतरामनहट्टीला राणी चन्नम्मा विद्यापीठात जातात, कुणी धारवाडला, निपाणीकडची बरीच कोल्हापूरला. पदवी हातात पडली की सगळ्यांची वाट एकच: नेट नाहीतर सेट (प्राध्यापकीच्या देशपातळीवरच्या आणि राज्यपातळीवरच्या पात्रता परीक्षा), मग प्राध्यापकी. सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू होते, त्यामुळे ओढ कळते. पण भरती निघते कधीतरी, आणि मधली वर्षे अतिथी व्याख्याता म्हणून तासाला तास जोडण्यात जातात.

माझे म्हणणे असे की यातल्या निम्म्यांनी तरी शिक्षक-शिक्षणात यावे. बी.एड.ला गणिताचे अध्यापनशास्त्र शिकवायला एनसीटीईच्या (शिक्षक-शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या केंद्रीय परिषदेच्या) २०१४ च्या निकषांप्रमाणे गणितातली पदव्युत्तर पदवी आणि एम.एड. अशा दोन्ही पदव्या लागतात, दोन्हींत किमान ५५ टक्के. दोन्ही असलेला, वर मराठी माध्यमाचा वर्ग आतून ओळखणारा माणूस आपल्याकडे दिवा घेऊन शोधावा लागतो. मग जिथे रांग आहे तिथेच सगळे का उभे?

शेषफल

काटकोनराव, आधी हिशेब करू. बी.एस्सी.नंतर एम.एस्सी. २ वर्षे, बी.एड. २, एम.एड. २. सहा वर्षे झाली आणि शेवटची चार फी भरून. तेच जेआरएफ (नेटमधून मिळणारी संशोधनाची शिष्यवृत्ती) मिळाली तर पहिली दोन वर्षे महिना ३७,००० आणि पुढे ४२,०००. पीएच.डी.ला पाच वर्षे लागली तरी घरच्यांपुढे हात पसरावा लागत नाही. विनाअनुदानित बी.एड. कॉलेजात काय हातावर ठेवतात ते इथे लिहायला नको.

पण माझा खरा आक्षेप पैशाचा नाही. बी.एड.च्या गणित-अध्यापनात गणित असते कुठे? उद्दिष्टे, स्पष्टीकरणे, पाठाच्या पायऱ्या, शैक्षणिक साधने. तिथे जाऊन 'ऋण गुणिले ऋण धन का?' एवढे विचारा. शत्रूचा शत्रू मित्र, असे उत्तर मिळेल. हे उत्तर नव्हे, म्हण आहे. आणि तीच म्हण लावून मूल उद्या उणे तीन अधिक उणे दोन बरोबर अधिक पाच लिहिते.

कारण वितरण गुणधर्मात आहे. (−१) × (१ + (−१)) हे शून्यच असायला हवे, कारण कंसात शून्य आहे. कंस उघडला की −१ + (−१)(−१) उरते. ही बेरीज शून्य व्हायची तर (−१)(−१) ला १ होण्यावाचून गत्यंतर नाही. तीन ओळी. पण नियम असाच का, दुसरा का चालत नाही, हे सुचायला बीजगणित पचलेले लागते. ज्याने गणित सोडून दिले तो गणिताच्या शिक्षकाला काय देणार?

खानापूरवाली

शेषफल सर, तीन ओळी झकास. आता दुसरी बाजू बघा की.

५००२ − १६४८. बरोबर उत्तर ३३५४. चौथी-पाचवीच्या वह्यांत चुकीची उत्तरे वाट्टेल ती येत नाहीत, ठरावीक येतात.

४६४६ आले, तर मूल प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करते आहे. वर-खाली त्याला दिसतच नाही.

३४६४ आले, तर हातचा घेणे त्याला कळले आहे. पण दोन शून्ये ओलांडताना मधल्या घरांत ९ ऐवजी १० धरले आहेत.

४३५४ आले, तर शून्यांचे ९ बरोबर झाले, एककात १२ बरोबर, फक्त ज्या ५ कडून घेतले त्याचे ४ करायचे राहिले.

तिघांनाही आपण लाल फुली मारतो आणि 'पुन्हा सोडव' म्हणतो. पहिल्याला स्थानिक किंमत नव्याने, दहाच्या गड्ड्या आणि सुट्या काड्या हातात देऊन शिकवायला हवी. दुसऱ्याला शंभराची नोट मोडून दाखवावी लागते: नऊ दहाच्या, आणि उरलेल्या एका दहाचे दहा सुटे. तिसऱ्याला जवळजवळ सगळे येते, त्याला गड्ड्या दिल्या तर तो कंटाळेल. हे रिंग थिअरीच्या पेपरात येत नाही. विषयज्ञान वेगळे आणि तो विषय शिकवण्यासाठी लागणारे विषयज्ञान वेगळे, ही गोष्ट ली शुलमन या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञाने १९८६ मध्ये नाव देऊन मांडली. आपल्याकडे अजून 'गणित येते म्हणजे शिकवता येते' यावरच गाडी अडली आहे.

काटकोन

ताई, हेच म्हणत होतो. मला इतके नीट मांडता आले नाही एवढेच.

शेषफल

थांबा, इतक्यात टाळ्या नकोत. ३४६४ आणि ४३५४ मधला फरक ओळखायला आधार-दहाची पद्धत उघडी करून बघता यावी लागते, आणि ती नजर गणिताचीच. वर नववीत जा. १/७ लिहिले की ०.१४२८५७ पुन्हा पुन्हा येते. मुलगी विचारते, 'पुन्हा यायलाच पाहिजे असे कशावरून?' सातने भागताना शून्य सोडून बाकी उरू शकते फक्त सहा प्रकारची, म्हणून सातव्या पायरीपर्यंत एखादी बाकी परत येणारच, आणि बाकी परत आली की पुढचे सगळे परत. ज्याला हे ठाऊक नाही तो कॅल्क्युलेटर दाखवून मोकळा होतो.

आणि गणितज्ञ शाळेकडे वळले नाहीत असेही नाही. मंगला नारळीकर संख्या सिद्धांतात, म्हणजे नंबर थिअरीत काम केलेल्या. त्याच पुढे बालभारतीच्या गणित समितीवर होत्या. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असे संख्यावाचन आले ते गणिती विचारातूनच.

खानापूरवाली

आणि त्यावरून महाराष्ट्रभर गदारोळ झाला तोही आठवत असेल. तर्क अगदी चोख होता. पण पंचवीस हा शब्द घरातला, बाजारातला. मूल तो रोज ऐकते.

आपल्या भागात हाच प्रश्न दुहेरी होतो. कन्नडमध्ये २५ म्हणजे 'इप्पत्तैदु', आधी वीस मग पाच, जसे लिहितो तसे. मराठीत 'पंचवीस', आधी पाच. म्हणून ऐकून लिहायला सांगितले की ५२ येते. एकोणतीस तर आणखी वाईट, कानावर 'तीस' पडते आणि पाटीवर ३९ उमटते. कन्नडमध्ये ते 'इप्पत्तोंबत्तु', वीस आणि नऊ. (कन्नडही सगळीकडे सोपी नाही. ओंबत्तु नऊ, एंबत्तु ऐंशी, तोंबत्तु नव्वद. लहान मुलाने ऐकून ओळखून दाखवावे.)

घरी कन्नड आणि शाळा मराठी, किंवा उलट, अशी मुले प्रत्येक वर्गात आहेत. दोन्ही वाचने शेजारी ठेवून शिकवले तर 'इप्पत्तैदु'ची फोड मराठी मुलाला स्थानिक किंमत समजायला उपयोगी पडते. हे कुठल्या बी.एड.च्या अभ्यासक्रमात आहे? पुण्यात बसून सुचणार नाही आणि बेंगळुरूत बसूनही. इथल्याच माणसाने करायचे काम आहे.

दुभाषी

पुढच्या इयत्तांची भर घालतो. मराठीत काटकोन, कन्नडमध्ये लंबकोन, पीयूसीला (कर्नाटकातली अकरावी-बारावी) राइट अँगल. त्रिकोण, त्रिभुज, ट्रँगल. परिमेय संख्या, भागलब्ध संख्या, रॅशनल नंबर. या शेवटच्यात गोची अशी की कन्नडमध्ये भागाकाराच्या उत्तरालाही भागलब्धच म्हणतात. अंश आणि छेद मात्र दोन्हीकडे तेच, तेवढे सुख. पीयूसीच्या पहिल्या दोन महिन्यांत दहावीला चांगले गुण असलेली मराठी माध्यमाची मुले गप्प होतात ती बहुधा गणितामुळे नाही, नावांमुळे. तीन रकान्यांची शब्दांची वही आठवीपासून ठेवायला लावली तर बरेच वाचते.

निपाणी नाका

तुम्ही तत्त्वाचे बोला, मी फॉर्मचे बोलतो, कारण इथे वर्षे वाया जातात.

नेट देशभर चालते. सेट तसे नाही. १ जून २००२ नंतर उत्तीर्ण झालेल्या सेटला ती ज्या राज्याची त्याच राज्यात मान्यता. कोल्हापुरात एम.एस्सी. केलेले आपले पोर मित्रांबरोबर महाराष्ट्राची सेट देते, पास होते, पेढे वाटते, आणि घराजवळच्या कॉलेजात अर्ज करायला गेल्यावर कळते की इथे कर्नाटकाची के-सेट हवी. आधी ठरवा नोकरी दूधगंगेच्या कुठल्या काठावर करायची, मग फॉर्म भरा. ठरत नसेल तर नेट.

के-सेटला दोन पेपर, पहिला ५० प्रश्न १०० गुण, दुसरा १०० प्रश्न २०० गुण, चुकीला गुण कापत नाहीत. एकही प्रश्न कोरा सोडू नका. आणि कर्नाटकात सरकारी भरतीत कन्नडचा पेपर आडवा येतो, त्याची तयारी गणिताबरोबरच सुरू करा, शेवटच्या महिन्यात नको.

शाळेकडे जाणाऱ्यांनी टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) धरा. सहावी ते आठवीसाठी दुसरा पेपर, १५० प्रश्न, त्यात गणित-विज्ञान ६०. पास व्हायला ६० टक्के, काही राखीव गटांना ५५. गणितवाले पडतात ते गणितात नाही, बालमानसशास्त्र आणि दुसऱ्या भाषेत.

घटप्रभा

नेटबद्दल थोडे, कारण 'नेटच्या मागे' असे हिणवून चालणार नाही.

सीएसआयआर नेटचा गणिती विज्ञानाचा पेपर २०० गुणांचा, तीन तास. अ भागात २० पैकी १५, ब मध्ये ४० पैकी २५, क मध्ये ६० पैकी २० सोडवायचे. क चा एक प्रश्न पावणेपाच गुणांचा, एकाहून अधिक पर्याय बरोबर असू शकतात, आणि सगळे बरोबर पर्याय निवडले तरच गुण. तिथे उणे गुण नाहीत, अ आणि ब मध्ये पाव भाग कापतात.

आपली मुले क मध्ये अडकतात, कारण एम.एस्सी.ला प्रमेयाची सिद्धता पाठ करून उतरवली तरी भागते. इथे चार विधाने देतात, प्रत्येकाला एकतर सिद्धता हवी नाहीतर प्रतिउदाहरण. म्हणून प्रतिउदाहरणांची वेगळी वही करा. (०,१) वर सतत असूनही एकसमान सतत नसलेले फल: १/क्ष. कर्णरूप न होणारा सारणिक, माफ करा, मॅट्रिक्स: वरची ओळ ० १, खालची ० ०. असे शे-दीडशे नमुने हाताशी असले की निम्मी चुकीची विधाने दहा सेकंदांत पडतात. विश्लेषण आणि रेषीय बीजगणित आधी पक्के करा. एम.एस्सी.च्या आधीच्या उन्हाळ्यात एमटीटीएस या गणित-प्रशिक्षण कार्यक्रमाच्या चार आठवड्यांच्या शिबिराला अर्ज करा. १९९३ पासून चालू आहे, आणि तिथे पाठांतर पहिल्याच दिवशी उघडे पडते.

पीएच.डी. घेताना विषय बघून घ्या. धारवाड-कलबुर्गी पट्ट्यात ग्राफ थिअरीची जुनी, चांगली परंपरा आहे. पण तिच्याच नावाखाली एक नवा निर्देशांक काढायचा, दहा-बारा आलेखांसाठी मोजायचा आणि निबंध छापायचा, असाही कारखाना चालतो. पैसे भरून महिन्यात छापणारे नियतकालिक दिसले की लांब राहा. गणितात खरे परीक्षण व्हायला वर्ष सहज जाते.

काटकोनना एक दुरुस्ती. शिक्षक-शिक्षणात जायला एम.एड. ही एकच वाट नाही. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात एम.एस्सी. गणितावर विज्ञान-शिक्षणात पीएच.डी. करता येते, प्रवेश परीक्षेतून, शिष्यवृत्तीसह. मुले गणित कसे चुकतात, हाच तिथे संशोधनाचा विषय होऊ शकतो. शेषफल सरांचा फीचा आक्षेप तिथे लागू नाही.

शेषफल

हे मान्य. पण बी.एड. कॉलेजात नोकरी धरायची तर निकषात एम.एड. आहेच, ती पीएच.डी. त्याची जागा घेत नाही. म्हणजे दार बाहेरून उघडे आणि आतून कडी.

काटकोन

कडी आहे, मान्य. तरी जे आत आहेत त्यांनी काय बदलावे ते बोलू. बी.एड.ला शाळेतले २० आठवडे आहेत, पहिल्या वर्षी ४, दुसऱ्या वर्षी १६. वेळ कमी नाही. होते काय, तर शाळा त्या मुलांना रजेवरच्या शिक्षकांच्या तासांना बसवते. मार्गदर्शक येतात, पाठाची टिपणे बघतात, रंगीत तक्ता बघतात, सही करतात. मुलांची वही कुणीच उघडत नाही. ताईंनी दिलेले ५००२ − १६४८ हेच काम द्या: एक वर्ग, एक उदाहरण, सगळ्या वह्या, चुका प्रकारवार लावा, प्रत्येक प्रकाराला एक उपाय आणि पंधरा दिवसांनी तशाच दुसऱ्या उदाहरणावर पुन्हा तपासणी.

खानापूरवाली

चालेल, पण उदाहरण एकच नको. वजाबाकीचे एक, अपूर्णांकांच्या बेरजेचे एक (१/३ + १/४ = २/७ वाली मुले सापडतीलच) आणि दशांशाचे एक, ०.३५ मोठे की ०.८. गुण द्या, नाहीतर कुणी करणार नाही.

शेषफल

गुण द्या, पण पाठ-टिपणांतून तेवढे कापून. वर आणखी ओझे नको. आणि चुकांच्या प्रत्येक प्रकाराखाली 'हे बरोबर का नाही' याची दोन ओळींत गणिती कारणे लिहायची. तेवढे घातलेत तर माझा विरोध मागे.

निपाणी नाका

आणि ते मराठीत लिहायला परवानगी द्यायची. हे कुणी लिहिलेच नाही.